आमच्यात पापड लाटत नाहीत

माझ्या नाकावर राग असतो, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणाला वाईट वाटायला नको. सगळी नोकरी बँकेच्या काउंटरवर गेली. स्लिपवर सही नाही, नोटा उलट्यासुलट्या, आणि वर "मॅडम, जरा लवकर". त्यात जो तापटपणा अंगात मुरला तो निवृत्त झाल्यावरही काही उतरला नाही. मोडी लिपी शिकले तीसुद्धा रागाच्याच भरात.

झालं असं की, आमच्या आजोबांचं साताऱ्यात गूळ-धान्याचं दुकान होतं. ते कधीच बंद झालं. दुकानाच्या आणि घरखर्चाच्या जुन्या वह्या माझ्या चुलतभावाच्या माळ्यावर पडून होत्या. त्यानं घर रंगवायला काढलं आणि त्या वह्या उचलून साताऱ्यातल्याच एका दप्तरखान्याला देऊन टाकल्या. मला विचारलंसुद्धा नाही. मी फोनवर चांगला झापला, तर म्हणतो, "अगं ताई, आपल्यात वाचता कुणाला येतंय ते? अर्ध्या वह्या मोडीत आहेत." एवढं पुरलं मला. दुसऱ्याच दिवशी सांगलीत मोडीचा वर्ग कुठं चालतो ते शोधून काढलं आणि नाव घातलं. वर्गात सगळी कॉलेजातली पोरं आणि मागच्या बाकावर चष्मा सावरत बसलेली मी. पोरं मला गृहपाठ दाखवायची, कारण माझा झालेला असायचा.

हे सगळं आई बघत होती. आईनं ऐंशी ओलांडलीय, माझ्याजवळच असते, सांगलीतच. माहेर आष्ट्याचं, आणि इतकी वर्षं शहरात राहून बोलणं अजून तसंच. एक दिवस मी ओळी गिरवत बसले होते, तर समोर येऊन बसली. म्हणाली, "त्या वह्यांत घरातलं समदं लिवलेलं असतंय का गं? खाण्यापिण्याचं बी?"

म्हटलं, "घरखर्चाच्या वहीत असतंच की."

"मग जरा बघ बाई, पापडाचं काय लिवलंय का. कवापासनं बंद झालं आणि कशानं झालं."

आता हे पापडाचं प्रकरण सांगायला हवं. आमच्याकडे प्रत्येक घरात एक 'चालत नाही' असतं. कुणाच्यात लोणचं घालत नाहीत, कुणाच्यात पाळणा विकत आणत नाहीत. आमच्या घरात पापड लाटत नाहीत. खायला हरकत नाही, विकत आणायला हरकत नाही, पण घरात लाटायचे नाहीत. आई माहेरी पापडांसाठी गाजलेली. उन्हाळ्यात गल्लीतल्या बायका तिला बोलवायला यायच्या, असा तिचा हात. लग्न होऊन साताऱ्यात आली आणि पहिल्याच चैत्रात तिनं हौसेनं विचारलं, उडीद कधी आणायचे. सासू आधीच वारलेली होती. घरच्या चालीरीती सांगायला माझी आत्या. तिचं सासर दोन गल्ल्या पलीकडं, त्यामुळं ती रोज माहेरी हजर. आत्या म्हणाली, "वहिनी, आमच्यात पापड लाटत नाहीत. लागतं." काय लागतं, कुणाला लागतं, हे नव्या सुनेनं विचारायची पद्धत नव्हती. आईनं विचारलं नाही.

पुढं वडिलांच्या नोकरीपायी आम्ही सांगलीला आलो. सासर लांब राहिलं, पण नियम ट्रंकेत बसून बरोबर आला. आई दर उन्हाळ्यात शेजारणींच्या घरी जाऊन त्यांच्या पापडांचे ढीग लाटून द्यायची आणि स्वतःच्या घरात दुकानातली पाकिटं आणायची. लहानपणी मला हे इतकं सवयीचं होतं की त्यात काही वेगळं आहे हेसुद्धा कळलं नाही. आता शेजारीही कुणी घरी करत नाहीत, सगळ्यांची पाकिटंच. त्यामुळं आईचं लाटणं कायमचंच बंद पडलेलं.

मी म्हटलं, "आई, लाट की खुशाल. कोण बघायला येतंय?"

"बघायला कशाला यायला पायजे? पोराबाळांचं घर हाय. उद्या कुणाला काय झालं तर जल्मभर माझ्याच मनाला लागंल." आणि लगेच म्हणाली, "पर माझ्या घरात, माझ्या हातचं, एकदा तरी व्हावंत असं लय वाटतंय गं मला." आईनं आयुष्यात स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही. मी पाटी-पेन्सिल आवरली आणि साताऱ्याला जायची पिशवी भरली.

साताऱ्यात उतरायचं आत्याकडेच. आत्या आईपेक्षा थोरली, एकटी राहते, बोलायला मऊ आणि ऐकायला दगड. मी भडंग घेऊन गेले, तिनं पेढे पुढं केले, हा आमचा जुना व्यवहार. कशासाठी आले ते सांगितलं तर म्हणाली, "बघ बापडी. पण आमच्यात लाटत नाहीत म्हणजे नाहीत. वहीत बघून काय होणार?"

दप्तरखाना म्हणजे एक लांबच लांब खोली, मधे टेबल आणि भिंतीला कपाटं. जुन्या कागदांचे कापडात बांधलेले गठ्ठे, त्यांना तिथं रुमाल म्हणतात. मी पेन काढलं, तर तिथल्या साहेबांनी एक अक्षर न बोलता माझ्या हातातलं पेन काढून घेतलं आणि पेन्सिल दिली. कागदांजवळ शाई चालत नाही म्हणे. बँकेत पेन्सिलीनं लिहिलेल्याला काडीची किंमत नसते, त्यामुळं माझा जीव खालीवर झाला, पण घेतली. आमच्या वह्यांचा रुमाल समोर आला. लाल कापडाच्या बांधणीच्या लांबोडक्या वह्या, माझ्या आडनावाची चिठ्ठी लावलेल्या. पहिली गाठ सोडली आणि अशी शिंक आली की खोलीतली सगळी डोकी वर झाली.

खरं सांगते, त्या दिवसापासून मला वेड लागलं. लोकांना वाटतं जमाखर्च म्हणजे रुक्ष काम. अहो, रुक्ष कसलं? अख्खं घर तिथं हिंडत असतं. 'कंदिलाची काच' पुन्हा पुन्हा यायची. प्रत्येक सुटीत एक काच फुटलेली, आणि फोडणारे कोण हे मला न लिहिताच कळलं, कारण वडिलांचा हात म्हातारपणीही तसाच धसमुसळा होता. 'दळण जाड येते म्हणून जात्यास टाकी लावली.' 'धाकट्यास भोवरा.' आजोबा दात काढायला थेट मिरजेला गेलेले, आणि जाता-येता दोन्ही वेळा भज्यांचा खर्च. येतानाची भजी कशी चावली असतील देव जाणे. एका ठिकाणी तर चक्क 'तंबोऱ्यास तारा, मिरजेहून'. आमच्या घराण्यात गाणं म्हणजे गणपतीतली आरती, तीही तीन दिशांना जाणारी. तंबोरा कुणाचा? त्या कोड्यापायी मी एक दिवस पापड विसरून गेले होते.

अलीकडच्या वह्या आपल्या नेहमीच्या अक्षरात होत्या, म्हणून सुरुवात तिथून केली. अक्षर ठोकळ्यासारखं, बिनचूक आणि बेचव. चैत्र-वैशाखात बोट ठेवून सरकत गेले आणि सापडलं. 'पापड लाटणावळ, शेकड्यावर, बाईंस.' पुढच्या वर्षी तेच, त्याच्या पुढच्याही वर्षी तेच. म्हणजे उडीद घरचे आणि लाटायला बाहेरची बाई, तिला शंभरामागं मजुरी. घरातल्या बायकांनी लाटल्याचं नाव नाही. म्हणजे आत्या म्हणत होती तेच खरं. मला इतका राग आला की वही जोरात मिटली, आणि साहेबांनी नुसतं बघितलं.

संध्याकाळी आईला फोन केला. सांगितलं, बाहेरून लाटून घ्यायचे गं, घरात नाहीच. म्हणाली, "असू दे. तू जेवलीस का?" आत्यानं पुढं केलेली भाकरी मी गपचूप खाल्ली.

दुसऱ्या दिवशी हट्टानं मोडीतल्या वह्या काढल्या. त्या आधीच्या काळातल्या. पहिले काही दिवस अक्षरं डोळ्यांसमोर नुसती पळत होती. मग एकेक शब्द थांबायला लागला, आणि ज्या माणसानं ते लिहिलं होतं त्याची ओळख व्हायला लागली. दुकानाचे दिवाणजी असणार, नाव कुठंच नाही. अक्षर वळणदार, ओळ सरळ, आणि बेरीज करून बघितली तर पैसा न् पैसा जुळणारी. जुन्या सवयीनं मी प्रत्येक पानाची बेरीज करत होते हे कबूल. एका पानावर जुळेना. मला आनंदच झाला, सापडला चोर म्हटलं. खाली पाहिलं तर त्यांनीच लिहून ठेवलेलं: 'तफावत सापडेना. पदरचे घातले.' काउंटरवर रोकड कमी आली की आम्हीही स्वतःच्या पर्समधले घालायचो आणि घरी सांगायचो नाही. मला तो माणूस एकदम आपल्यातला वाटला. माझ्या टेबलाशी कुणी बसलेलं असतं तर त्याला ते पान दाखवलं असतं.

आणि याच माणसाच्या वहीत, चैत्रात, मला हवं ते मिळालं. उडदाची डाळ, पापडखार, हिंग, मिरी. दर वर्षी. लाटणावळ मात्र कुठंच नाही, एकाही वर्षी नाही. म्हणजे पापड घरात व्हायचे, घरच्याच बायका लाटायच्या. पेन्सिलीनं ते उतरवून घेताना टोक मोडलं माझं. नंतर एका वर्षी मधेच ते वळणदार अक्षर थांबतं, ठोकळा अक्षर सुरू होतं, आणि त्याच उन्हाळ्यापासून लाटणावळ लागू. माझं काम झालं होतं. चालत नाही म्हणे.

आत्याच्या घरात पाऊल टाकल्या टाकल्या सांगून टाकलं. "आत्या, आपल्यात पापड लाटायचे. वर्षानुवर्षं लाटायचे. पुरावा आहे."

आत्या भाजी निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "मग बंद का झाले?"

"ते नाही लिहिलेलं."

"तेच तर. चांगले चाललेले बंद झाले, म्हणजे काहीतरी झालंच असणार. उगीच कुणी बंद करतं का? कुणाला तरी लागलं असेल, म्हणूनच बंद केले." आणि मेथीची काडी मोडून म्हणाली, "तू तर उलट पक्कंच करून आणलंस बाई."

मी बँकेत भल्याभल्यांना गप्प केलं, पण आत्यापुढं पालथ्या घड्यावर पाणी. फोनवर आईनंही तेच म्हटलं. "वन्सं म्हणत्यात ते बराबर हाय. कारण कळल्याबिगर नको." दोघी मिळून मला वेड लावणार होत्या. तो दिवस मी तोंड फुगवून काढला.

परतायच्या आदल्या दिवशी दुपारी चहा पिताना आत्याच म्हणाली, "एवढं काय काय लिहून आणलंस, वाच की जरा." मी अजून घुश्शात होते, पण आत्याला नाही म्हणता येत नाही. वही उघडली. कंदिलाच्या काचा वाचल्या, आत्या हसली. भजी वाचली, आणखी हसली. तंबोऱ्याचं विचारलं तर म्हणाली, "अगं, तो वरच्या मजल्यावरच्या भाडेकऱ्याचा. तारांचा खर्च भाड्यात वळता केला असेल." एवढ्या मोठ्या कोड्याचा असा चुराडा झाला. मग मी ते वाचलं: तफावत सापडेना, पदरचे घातले.

आत्यानं कप खाली ठेवला. "हे आमचे दिवाणजी. दुसरं कुणी असं लिहिणारच नाही. मला खोबऱ्याचा तुकडा द्यायचे गं रोज, शाळेतून आले की." आणि ती एकदम सुरूच झाली. दिवाणजी तापानं गेले, अचानक. मागं त्यांची बायको, मुलगा लहान. आम्ही त्यांना काकू म्हणायचो. मोठी ताठ बाई. आईनं, म्हणजे आत्याच्या आईनं, धान्य पाठवलं तर काकूंनी तसंच परत पाठवलं. फुकटचं घेणार नाही म्हणाली. मग आईनंच त्यांना काम दिलं. उन्हाळ्यात मागच्या पडवीत पोळपाट घेऊन बसायच्या काकू, दिवस दिवस लाटायच्या. "आम्हा मुलींना तर काय, हात शिवशिवायचे. आम्ही लाटायला गेलो की आई धपाटा घालायची. म्हणायची, काकूंना शेकड्यावर पैसे मिळतात, तुम्ही लाटलेत की त्यांचे तेवढे कमी होतात. त्या लाटण्याला हात लावायचा नाही. आपण पापड लाटायचे…"

आत्या थांबली.

मी तिच्याकडं बघत राहिले. ती माझ्याकडं बघेना.

"पुढं काकू मुलाकडं गेल्या, खंडाळ्याला," ती अगदी हळू म्हणाली. "मग आई गेली. मग वहिनी आल्या. वहिनींनी विचारलं उडीद कधी आणायचे, आणि मला तेवढंच आठवत होतं. लाटायचे नाहीत." मग कपाळावर हात ठेवला तिनं. "लागतं, हे मी माझ्या पदरचं घातलं गं."

मला वाटलं होतं, अशी वेळ आली की मी आत्याला चांगलं सुनावेन. उचलली जीभ लावली टाळ्याला, अशी माझी ख्याती. पण तिचा चेहरा बघून सगळं गिळलं. ती म्हणाली, "फोन लाव तुझ्या आईला." मी लावून दिला. आत्यानं प्रस्तावना वगैरे काही केली नाही.

"वहिनी, मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं. त्यात काही नव्हतं. काकूंचे पैसे कमी होऊ नयेत म्हणून आई आम्हाला लाटू द्यायची नाही, एवढंच होतं. मी पोर होते, मला उमगलं नाही, आणि मी तुमचं आयुष्य…" इथं ती रडायलाच लागली.

फोन स्पीकरवर होता. मी जीव मुठीत धरून बसले, कारण इतक्या वर्षांचं साठलेलं बाहेर पडायचं म्हणजे काय पडेल सांगता येत नाही. आई म्हणाली, "वन्सं, रडू नगा. डाळ दळून आणाय सांगू का? तुमी कवा येतायसा?"

दुसऱ्या दिवशी मी एकटी जाणार होते, त्या एसटीत दोघी बसलो. कराडच्या स्टँडवर आत्यानं चहा घेतला नाही, उशीर होईल म्हणाली. एसटी काय तिच्यासाठी लवकर सुटणार होती?

सांगलीत आईनं सगळी तयारी करून ठेवलेली. पीठ भिजवून, तेलाचा हात लावून कुटून कुटून मऊ केलेलं, सकाळी खालच्या मजल्यावरच्या पोरीला हाताशी घेऊन. हॉलमधला टीपॉय बाहेर, चटई अंथरलेली, गच्चीत पापड वाळत घालायला जुनी सुती पातळं तयार. आत्या पदर खोचून बसली आणि लाटणं हातात घेतलं, तेव्हा कळलं की तिला लाटताच येत नाही. येणार कसं? लहानपणी धपाटा खाल्ला आणि नंतर सासरीही तिनंच हा नियम नेलेला. पहिला पापड पोळपाटाला चिकटला. दुसरा मधे फाटला. आई बघत होती. सबंध आयुष्य ज्या नणंदेपुढं ती मान खाली घालून उभी राहिली, तिला म्हणाली, "वन्सं, मधी दाबू नगा. कडंला जोर द्या. आवं, तसं न्हाई, बघा इकडं." आणि आत्या, जिनं जन्मात कुणाचं ऐकलं नाही, ती मान हलवून इकडं बघत होती.

आईचा हात मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला, म्हणजे खरा बघितला. लाटी ठेवायची, दोनदा लाटणं फिरवायची, पापड उचलायची. बोलणं चालू, मान आत्याकडं, आणि पापड आपोआप गोल. माझे आणि आत्याचे मिळून होईनात तेवढे तिचे एकटीचे झाले. मी दोन लाट्या तेलात बुडवून खाल्ल्या तर मला शाळकरी पोरीसारखी दरडावली. गच्चीत पातळं भरून गेली. खालच्या बाई वर बघून म्हणाल्या, "आजी, कुणाचे एवढे?" आई म्हणाली, "आमचं." आणि ते सांगायला कठड्यापर्यंत गेली.

संध्याकाळी आवराआवर झाली. आत्या कॉटवर आडवी पडली आणि लगेच घोरायला लागली. आई खुर्चीत बसून मनगट चोळत होती. चांगलंच सुजलं होतं. मी तेल कोमट करून आणलं आणि तिचा हात ओढला, तर तिनं तो मागं घेतला.

"राहू दे."

म्हटलं, "आई, सुजलाय बघ. उद्या भांडं उचलायचं नाही तुला."

"लोकांच्या घरचं लाटून लय दुखलाय ह्यो हात," ती म्हणाली. "आज माझ्या घरचं लाटून दुखतोय. दुखू दे जरा."